सॅटेलाईट डोक्यावर, तरी कनेक्शन नाही: एका सेन्सरच्या पहिल्या जोडणीचं प्रकरण

हे प्रकरण सविस्तर लिहितोय, कारण सॅटेलाईटवरून चालणारी छोटी डिव्हाइसेस आता बरेच जण बनवायला लागलेत आणि पहिलं कनेक्शन लागत नाही म्हटलं की जो तो अँटेना आणि पॉवरच्या मागे लागतो. इथे सिग्नल पुरेसा होता. घोळ होता तो डिव्हाइसने जोडणी मागणारा पहिला छोटा सिग्नल म्हणजे प्रिअ‍ॅम्बल पाठवायच्या आधी केलेल्या गणितात, आणि तो पकडायला लागणारी माहिती सुरुवातीपासून लॉगमध्येच पडून होती. फेल झालेले प्रयत्न सगळे मोजत होते, पण ते पासच्या, म्हणजे सॅटेलाईटच्या आकाशातून होणाऱ्या एका फेरीच्या, कुठल्या भागात फेल झाले हे कुणी बघत नव्हतं. माझं सगळं म्हणणं याच एका गोष्टीवर आहे, बाकीचं ओघाने येईल.

परिस्थिती

नदीच्या वरच्या भागात, जिथे मोबाईलचा टॉवर पोचत नाही, तिथे पाण्याची पातळी मोजणारे सेन्सर बसवायचे होते. बॅटरीवर चालणारे, एकदा बसवले की काही वर्षं कुणी हात लावणार नाही असे. रोज ठरलेल्या वेळी रीडिंग पाठवायचं आणि पाणी झपाट्याने चढायला लागलं तर मिळेल त्या पासला पाठवायचं. कनेक्टिव्हिटी एनबी-आयओटी, म्हणजे थोडाच डेटा पाठवणाऱ्या छोट्या डिव्हाइसेससाठीचं मोबाईल तंत्र, पण टॉवरऐवजी साधारण ६०० किलोमीटर उंचीवरून फिरणारे सॅटेलाईट. हे आता स्टँडर्डमध्येच बसतं, मोबाईल नेटवर्कची स्टँडर्ड ठरवणाऱ्या थ्री जीपीपीने रिलीज १७ मध्ये म्हणजे २०२२ मध्ये एनबी-आयओटी आणि ५जी दोन्हींसाठी सॅटेलाईटची सोय करून दिली. फ्रिक्वेन्सी एस बँडमधली, वर जाताना १९८० ते २०१० मेगाहर्ट्झ आणि खाली येताना २१७० ते २२००. सॅटेलाईट ट्रान्सपरंट प्रकारचा, म्हणजे बेस स्टेशन जमिनीवर गेटवेपाशी (सॅटेलाईटशी बोलणाऱ्या स्टेशनपाशी) आणि सॅटेलाईट फक्त सिग्नल इकडून घेऊन तिकडे टाकणार. सॅटेलाईट मोजकेच, त्यामुळे कव्हरेज सलग नाही, मधे मधे लांब गॅप.

तक्रार अशी होती: डिव्हाइस उठतं, सॅटेलाईट पकडतं, सिस्टीम इन्फर्मेशन (नेटवर्क सगळ्यांसाठी प्रसारित करतं ती माहिती) वाचतं, प्रिअ‍ॅम्बल पाठवतं आणि पुढे काहीच नाही. कधी उत्तर येतं पण मेसेज ३, म्हणजे त्या उत्तरानंतर डिव्हाइसने पाठवायचा मेसेज, हरवतो. कधी अगदी पहिल्या फटक्यात लागतं. त्यात काही पॅटर्न आहे असं कुणाला दिसत नव्हतं, आणि बॅटरी मात्र हिशोबापेक्षा फार वेगाने उतरत होती, कारण प्रिअ‍ॅम्बल फेल झाला की मोडेम पॉवर वाढवतो, तरी जमलं नाही की पुढच्या कव्हरेज लेव्हलला जातो आणि तिथे तोच प्रिअ‍ॅम्बल कितीतरी पट जास्त वेळा रिपीट करतो.

आधी थोडं गणित, नाहीतर पुढचं कळणार नाही

६०० किलोमीटरवरचा सॅटेलाईट सेकंदाला साडेसात किलोमीटर पळतो. अगदी डोक्यावरून जाणारा पास असला तरी क्षितिजापासून १० अंशांच्या वर तो जेमतेम साडेआठ मिनिटं असतो, आणि ३० अंशांच्या वर तर चारच मिनिटं. १० अंशांवर असताना त्याचं अंतर १९३० किलोमीटरच्या आसपास, डोक्यावर आला की ६००. नुसत्या या अंतरामुळे सिग्नलमध्ये १० डीबीचा, म्हणजे दहा पटींचा, फरक पडतो.

मग डॉपलर, म्हणजे सॅटेलाईटच्या वेगामुळे फ्रिक्वेन्सीत पडणारा फरक. २ गिगाहर्ट्झला १० अंशांवर साधारण ४५ किलोहर्ट्झ, सॅटेलाईट येताना अधिक आणि जाताना उणे. डोक्यावर आला की डॉपलर शून्य, पण नेमका तिथेच तो सगळ्यात वेगाने बदलतो, सेकंदाला साधारण साडेपाचशे हर्ट्झ. खाली क्षितिजाजवळ उलटं असतं, डॉपलर मोठा पण जवळपास स्थिर. अंतराचंही तसंच, क्षितिजाजवळ अंतर सेकंदाला सात किलोमीटरच्या जवळपास बदलतं आणि डोक्यावर असताना क्षणभर बदलतच नाही. हे दोन उलटे स्वभाव लक्षात ठेवा, सगळं प्रकरण यावरच सुटलं.

टॉवरच्या नेटवर्कमध्ये डिव्हाइसला आपलं अंतर माहीत असायची गरज नसते. ते प्रिअ‍ॅम्बल पाठवतं, बेस स्टेशन बघतं की तो किती उशिरा पोचला, आणि सांगतं की पुढच्या वेळी इतकं आधी पाठव. याला टायमिंग अ‍ॅडव्हान्स म्हणतात. उशीर किती चालेल हे सायक्लिक प्रिफिक्सवर, म्हणजे सिग्नलच्या सुरुवातीला जोडलेल्या राखीव तुकड्यावर, ठरतं. एनबी-आयओटीच्या प्रिअ‍ॅम्बलला एका फॉरमॅटमध्ये तो ६६.७ मायक्रोसेकंद असतो, म्हणजे १० किलोमीटरपर्यंतचा सेल, आणि दुसऱ्यात २६६.७ मायक्रोसेकंद, म्हणजे ४० किलोमीटर. आता सॅटेलाईटचा बीम शेकडो किलोमीटरचा आणि डिव्हाइसपासून गेटवेपर्यंत जाऊन येऊन लागणारा वेळ २६ मिलिसेकंदांपर्यंत जाऊ शकतो, तिथे हे असं चालणारच नाही.

म्हणून रिलीज १७ ने काम डिव्हाइसवर टाकलं. डिव्हाइसने जीएनएसएसवरून (जीपीएससारख्या सॅटेलाईटवरून) स्वतःची जागा काढायची, सिब-३१ नावाच्या सिस्टीम इन्फर्मेशन ब्लॉकमधून सॅटेलाईटची जागा आणि वेग वाचायचा, त्यावरून उशीर आणि डॉपलर दोन्ही काढायचे, सॅटेलाईट ते गेटवे या तुकड्याचा हिशोब नेटवर्क वेगळा देतं तो त्यात मिळवायचा, आणि मगच वेळ आणि फ्रिक्वेन्सी आधीच सरकवून प्रिअ‍ॅम्बल पाठवायचा. फ्रिक्वेन्सीची चूक ०.१ पीपीएमच्या (दहा लाखांत ०.१ भाग) आत हवी, २ गिगाहर्ट्झला २०० हर्ट्झ. थोडक्यात, बेस स्टेशनला या डिव्हाइसचा पत्ता लागायच्या आधीच डिव्हाइसचं उत्तर बरोबर असायला लागतं.

संशय कुणावर होता

पहिला संशय अँटेनावर, आणि तो स्वाभाविक होता. सेन्सरचा अँटेना छोटा, पॉवर २०० मिलिवॉट, सॅटेलाईट लांब. टीमने एका टेस्ट युनिटला चांगला अँटेना लावला. डाउनलिंकची (खाली येणाऱ्या सिग्नलची) मोजणी लगेच सुधारली, सिस्टीम इन्फर्मेशन पटापट डीकोड व्हायला लागली, आणि कनेक्शनचं प्रमाण होतं त्यापेक्षा थोडं खालीच गेलं. ही या प्रकरणातली सगळ्यात मोलाची खूण होती. पण त्यावेळी ती कुणाच्या पचनी पडली नाही, "टेस्टमध्ये काहीतरी गडबड असेल" म्हणून बाजूला ठेवली गेली. मला वाटतं अपेक्षेच्या बरोबर उलटा आलेला निकाल दिसला की तिथेच थांबायला हवं, कारण अपेक्षेप्रमाणे आलेल्या निकालातून एवढं कळत नाही.

दुसरा संशय उत्तर ऐकायच्या विंडोवर. प्रिअ‍ॅम्बल पाठवल्यावर टॉवरच्या नेटवर्कमध्ये डिव्हाइस लगेच कान देतं, सॅटेलाईटमध्ये तो पूर्ण फेरीचा वेळ सोडून मग विंडो उघडावी लागते. जुना कोड तसाच राहिला असेल तर डिव्हाइस ऐकून ऐकून थांबतं आणि उत्तर नंतर येतं. मोडेमचा ट्रेस (त्याच्या कामाची बारीक नोंद) बघितला, विंडो बरोबर उघडत होती. हा संशय लवकर मिटला.

तिसरा संशय डॉपलर एकदाच वजा होत असल्याचा. हा जरा समजून घेण्यासारखा आहे, कारण बऱ्याच नव्या डिझाईनमध्ये इथे चूक होते. डिव्हाइस आपला ऑसिलेटर (फ्रिक्वेन्सी तयार करणारा भाग) खाली आलेल्या सिग्नलला लॉक करतं, पण त्या सिग्नलमध्ये आधीच डॉपलर बसलेला असतो. म्हणजे वर पाठवताना एकदा त्या लॉकमुळे आलेला डॉपलर काढायचा आणि एकदा वर जाताना लागणार असलेला. दोन्हीपैकी एकच काढला तर पूर्ण डॉपलरएवढी चूक उरते. पण तसं असतं तर ३० अंशांवर असतानाही चूक ४० किलोहर्ट्झच्या घरात गेली असती आणि सॅटेलाईट अगदी डोक्यावर असतानाचे काही क्षण सोडले तर एकही कनेक्शन लागलं नसतं. इथे तर खालच्या कोनावरही लागत होतं. त्यामुळे ट्रेस न उघडताच हे बाद करता आलं.

प्रयत्न पासवर मांडल्यावर

मग आम्ही एक साधी गोष्ट केली. प्रत्येक प्रयत्नापुढे तीन गोष्टी लिहिल्या: त्या क्षणी सॅटेलाईट किती अंशांवर होता, तो चढत होता की उतरत होता, आणि प्रयत्न कुठल्या मेसेजला तुटला. ऑर्बिटची माहिती हाताशी होती, डिव्हाइसच्या लॉगमध्ये वेळ होती, दोन्ही जोडायला वेगळं काही लागलं नाही.

आणि पॅटर्न समोरच आला. सॅटेलाईट चढत असताना केलेले प्रयत्न बहुतेक यशस्वी, अगदी खालच्या कोनावरचेही. डोक्याच्या आसपास असताना प्रिअ‍ॅम्बलला उत्तर यायचं पण मेसेज ३ कधी जायचा कधी नाही. आणि सॅटेलाईट उतरायला लागला की जवळजवळ सगळं फेल.

सिग्नल कमी आहे हे कारण इथेच संपलं. २० अंश चढतानाचे आणि २० अंश उतरतानाचे, अंतर सारखं, सिग्नल सारखा, मग एका बाजूला लागतं आणि दुसऱ्या बाजूला नाही हे कसं? कुणीतरी म्हणालं एका बाजूला डोंगर असेल. शक्य होतं, पण या सॅटेलाईटचे काही पास दक्षिणेकडून उत्तरेकडे जायचे आणि काही उत्तरेकडून दक्षिणेकडे, आणि दोन्ही प्रकारांत दुसरा अर्धाच पडत होता. म्हणजे आकाशाची एकच बाजू पहिल्या प्रकारात खराब आणि दुसऱ्यात चांगली निघत होती. डोंगर काही पास बघून बाजू बदलत नाही.

वेळेचा संशय इथून पक्का झाला. चढताना आणि उतरताना एकच गोष्ट बदलते, अंतर कमी होण्याऐवजी वाढायला लागतं. डिव्हाइस सॅटेलाईटला त्याच्या मार्गावर खऱ्या जागेपेक्षा थोडं पुढे धरत असेल, तर चढताना त्याला वाटेल सॅटेलाईट आहे त्यापेक्षा जवळ आहे, मग ते प्रिअ‍ॅम्बल जरा उशिरा पाठवेल. उतरताना त्याला वाटेल सॅटेलाईट आहे त्यापेक्षा लांब आहे, मग ते लवकर पाठवेल. उशीर चालतो, सायक्लिक प्रिफिक्स त्यासाठीच असतो. लवकर पोचलेलं चालत नाही.

पण हा तर्क होता, पुरावा हवा होता. तो बेस स्टेशनच्या लॉगमध्ये मिळाला, आणि इथे नेटवर्कवाल्यांनी मनापासून मदत केली हे सांगायलाच हवं. बेस स्टेशन प्रत्येक पकडलेल्या प्रिअ‍ॅम्बलला तो किती उशिरा आला हा आकडा लावतं. आम्ही तो आकडा कोनापुढे मांडला. सॅटेलाईट चढताना दोन आकडी मायक्रोसेकंदांचा उशीर, वर येईल तसा कमी कमी, डोक्यावर शून्याच्या जवळ, आणि लगेच पुढच्या प्रयत्नाला एकदम २५० च्या आसपास, मग २३०, मग २१०. असा उडी मारणारा आलेख पहिल्यांदा बघितल्यावर वाटतं मोजणीच बिघडली. पण एनबी-आयओटीचा प्रिअ‍ॅम्बल ३.७५ किलोहर्ट्झच्या उड्यांवर चालतो आणि त्यातून काढलेली वेळ २६६.७ मायक्रोसेकंदांनी गुंडाळून येते. म्हणजे ५० मायक्रोसेकंद लवकर आलेला प्रिअ‍ॅम्बल बेस स्टेशनला २१७ मायक्रोसेकंद उशिरा आल्यासारखा दिसतो. ती गुंडाळी सोडवली, प्रत्येक मोठ्या आकड्यातून २६६.७ वजा केले, आणि आलेख सलग झाला, शून्यातून सरळ खाली उतरला. त्याचा आकार थेट अंतर बदलण्याच्या वेगाचा होता.

उतरताना सगळं का पडत होतं तेही यातून कळलं. बेस स्टेशनला वाटायचं डिव्हाइस २१७ मायक्रोसेकंद उशिरा आहे, म्हणून ते सांगायचं आणखी २१७ आधी पाठव. डिव्हाइस आधीच ५० लवकर होतं, आता आणखी लवकर. मेसेज ३ चा सायक्लिक प्रिफिक्स फक्त ८.३ मायक्रोसेकंदांचा, त्यामुळे तो पूर्ण हुकायचा. डिव्हाइसच्या लॉगमध्ये हे "उत्तर आलं, मेसेज ३ गेला, पुढे काही नाही" एवढंच दिसायचं, आणि बघणाऱ्याला वाटायचं पॉवर कमी पडली.

डोक्यावरच्या प्रयत्नांचंही कोडं सुटलं. तिथे वेळेच्या चुकीने अंतर फारसं चुकत नाही, पण डॉपलर चुकतो, कारण तो तिथेच सगळ्यात वेगाने बदलतो. बेस स्टेशनच्या उत्तरात टायमिंग सुधारायची सोय आहे, फ्रिक्वेन्सी सुधारायची नाही. त्यामुळे मेसेज ३ काही शे हर्ट्झ सरकलेला जायचा, कधी निभावायचा कधी नाही.

आलेखाच्या उतारावरून चूक किती सेकंदांची हेही काढता येतं. १० अंशांवर डिव्हाइस ते सॅटेलाईट हे अंतर जाऊन येऊन धरलं तर एका सेकंदाच्या चुकीला ४५ मायक्रोसेकंद पडतात. आमची चूक सेकंदाच्या आसपास निघत होती आणि प्रत्येक पासला थोडी वेगळी.

चूक नेमकी कुठे

सिब-३१ मध्ये सॅटेलाईटची जागा आणि वेग असतो, पण तो कुठल्या क्षणाचा? त्या क्षणाला एपॉक म्हणतात. नेटवर्क एपॉक स्पष्ट देऊ शकतं, फ्रेम नंबर आणि सबफ्रेम (नेटवर्कच्या वेळेचे छोटे तुकडे) सांगून. आणि दिला नसेल तर नियम असा की तो मेसेज ज्या एसआय विंडोमध्ये (सिस्टीम इन्फर्मेशन पाठवायच्या ठरलेल्या वेळेत) येतो त्या विंडोचा शेवट हा एपॉक. आमच्या नेटवर्कने स्पष्ट दिलेला नव्हता, म्हणजे विंडोचा शेवट धरायचा.

एनबी-आयओटीमध्ये ही विंडो १६० मिलिसेकंदांपासून १६०० मिलिसेकंदांपर्यंत असू शकते, आणि तिच्यात तोच मेसेज पुन्हा पुन्हा येत राहतो, म्हणजे कमकुवत सिग्नलवालं डिव्हाइससुद्धा सगळे तुकडे गोळा करून तो डीकोड करू शकेल. मोडेमचा फर्मवेअर काय करत होता, तर मेसेज ज्या क्षणी डीकोड झाला तोच क्षण एपॉक धरत होता. म्हणजे जी जागा विंडो संपतानाची होती ती तो आत्ताची समजायचा आणि तिथून पुढे सॅटेलाईट सरकवत न्यायचा, त्यामुळे त्याचा सॅटेलाईट खऱ्यापेक्षा कायम पुढे.

आणि आता तो अँटेनाचा उलटा निकाल बघा. सिग्नल कमकुवत असला की मेसेज डीकोड व्हायला विंडोच्या शेवटापर्यंत वेळ लागायचा, मग डीकोडचा क्षण आणि खरा एपॉक जवळ जवळ असायचे आणि चूक इतकी लहान की नेटवर्कने ठेवलेल्या मार्जिनमध्ये खपून जायची. चांगला अँटेना लावला की मेसेज विंडोच्या सुरुवातीलाच डीकोड व्हायचा आणि चूक सेकंदाच्या वर जायची. लॅबमध्ये हे कधी दिसलं नाही कारण तिथे टेस्ट सेटअपचा सॅटेलाईट स्थिर धरलेला होता, वेग शून्य असेल तर एपॉक काहीही धरा, उत्तर तेच येतं.

दुरुस्ती कोडमध्ये अगदी थोड्या ओळींची. डीकोडचा क्षण टाकून विंडोचा शेवट धरायचा. नेटवर्कने स्पष्ट एपॉक दिला असेल तर फ्रेम नंबर दर १०.२४ सेकंदांनी पुन्हा शून्यावर येतो हे ध्यानात ठेवून आत्ताचा किंवा पुढे येणारा असा फ्रेम घ्यायचा. सॅटेलाईट ते गेटवे या भागाचा हिशोबही त्याच एपॉकला बांधलेला असतो, तोही तिथूनच मोजायचा, नाहीतर अर्धीच चूक निघते. नवीन फर्मवेअर येईपर्यंत नेटवर्कने आपल्या बाजूने सगळ्यांना सारखा लागू होणारा टायमिंगचा भाग थोडा सरकवला, म्हणजे प्रिअ‍ॅम्बल मुद्दाम उशिरा पोचतील आणि लवकर येणाऱ्यांना जागा मिळेल. तेवढ्याने उतरत्या बाजूचे बरेच प्रयत्न जमायला लागले, पण डोक्यावरची फ्रिक्वेन्सीची चूक त्याने जाणार नव्हती आणि गेलीही नाही, फर्मवेअर बदलल्यावरच गेली.

त्यानंतर जे सुधारलं

मूळ चूक गेल्यावर चढत्या-उतरत्या बाजूंतला फरक मिटला. पण बॅटरी अजूनही हवी तशी नव्हती, म्हणून प्रिअ‍ॅम्बलच्या आधीच्या पायऱ्याही बघितल्या.

सगळ्यात जास्त वेळ जात होता सॅटेलाईट शोधण्यात. डिव्हाइस उठल्यावर आधी टॉवरचे बँड तपासायचं, तिथे कुणी नाही हे कळेपर्यंत पासचा मोठा भाग गेलेला. शिवाय स्वस्त क्रिस्टलची चूक २० पीपीएम धरली तर २ गिगाहर्ट्झला ४० किलोहर्ट्झ, त्यात डॉपलरचे ४५, म्हणजे सिग्नल आपल्या जागेपासून ८५ किलोहर्ट्झपर्यंत कुठेही असू शकतो, आणि चॅनेल तर १०० किलोहर्ट्झच्या टप्प्यांवर असतात, मग हा सिग्नल या चॅनेलचा की शेजारच्या हेच नक्की होत नाही. उपाय नेटवर्कनेच देऊन ठेवलाय. सिब-३२ मध्ये सॅटेलाईटच्या ऑर्बिटची माहिती येते, ती खास तुटक कव्हरेजसाठीच आहे. डिव्हाइसने ती साठवली, पुढचा पास कधी ते स्वतः काढलं, त्या वेळेपर्यंत झोपून राहिलं आणि उठल्यावर त्या क्षणी डॉपलर किती असणार हे आधी काढून तेवढ्याच पट्ट्यात शोधलं. झोपेत घड्याळ चुकतं ते दिवसाला पावणेदोन सेकंद, पास कधी आहे हे कळायला एवढी चूक काहीच नाही. आणि प्रिअ‍ॅम्बलच्या हिशोबाला ते घड्याळ लागतच नाही, तिथे डाउनलिंकचा फ्रेम नंबर हेच घड्याळ.

दुसरं जीएनएसएस. जीपीएसचा सॅटेलाईट आपली एफेमेरिस (आपल्या ऑर्बिटची नेमकी माहिती) दर ३० सेकंदांनी पुन्हा सांगतो, सेकंदाला ५० बिट एवढ्या संथ गतीने, आणि ती साधारण चार तास वापरता येते. त्याहून जास्त झोपणारं डिव्हाइस प्रत्येक वेळी कोरं उठतं आणि अर्धा मिनिट तरी ऐकत बसतं. या मोडेममध्ये जीएनएसएस आणि एनबी-आयओटी एकाच वेळी चालत नव्हते, म्हणजे तो अर्धा मिनिट साडेआठ मिनिटांच्या पासमधून जायचा. आता फिक्स (म्हणजे जागेची मोजणी) पासच्या आधी घेतला जातो. आणि खांबाला बोल्ट केलेल्या सेन्सरला रोज नव्याने जागा शोधायची गरजच काय? जागा एक किलोमीटर चुकली तरी उशीर जास्तीत जास्त सात मायक्रोसेकंदांनी चुकतो, मग काही मीटरांसाठी बॅटरी कशाला घालवायची. त्यामुळे बसवताना घेतलेली जागा साठवून ठेवली आणि अधूनमधून खात्रीपुरता फिक्स घ्यायचा असं ठरलं.

तिसरी गोष्ट गर्दीची. सगळे सेन्सर एकच गणित करून एकाच क्षणी उठणार, म्हणजे सॅटेलाईट वर आला की सगळे एकदम प्रिअ‍ॅम्बल टाकणार, आणि या फॉरमॅटमध्ये एका वेळी जास्तीत जास्त ४८ सबकॅरियर (फ्रिक्वेन्सीचे अरुंद पट्टे) असतात, दोघांनी एकच उचलला की दोघेही अडकतात. म्हणून प्रत्येक डिव्हाइसच्या ओळख क्रमांकावरून त्याचा क्षण ठरवला, ३० अंशांच्या वरच्या चार मिनिटांत पसरवून. तिथे सिग्नलही १० अंशांपेक्षा पाच डीबी चांगला असतो. काही पास ३० अंशांवर येतच नाहीत, असा पास नेहमीच्या रीडिंगसाठी सोडून द्यायचा. पूर येण्याची लक्षणं असतील तर मात्र कोन न बघता मिळेल तिथे प्रयत्न करायचा, कारण त्या वेळी बॅटरी वाचवून काय करायचंय.

टेस्टिंगमध्येही एक कायमचा बदल झाला आणि तो मला सगळ्यात आवडतो. आता लॅबमधला सॅटेलाईट पळतो. एकच एसआय विंडो दोनदा वाजवली जाते, एकदा सिग्नल इतका चांगला की मेसेज सुरुवातीलाच डीकोड होईल आणि एकदा इतका कमकुवत की शेवटी होईल. दोन्ही वेळा डिव्हाइसने काढलेला टायमिंग अ‍ॅडव्हान्स सारखाच यायला हवा. फरक आला तर तो बिल्ड पुढे जात नाही. आणि प्रत्येक फेल झालेल्या प्रयत्नासोबत कोन आणि चढता-उतरता ही नोंद डिव्हाइस स्वतःच ठेवतं, पुढच्या कनेक्शनला काही बाइटमध्ये पाठवतं.

एक भाग अजून बाकी आहे. याच मोडेमवर पाण्यात तरंगणारे सेन्सर करायचेत, आणि त्यांना साठवलेली जागा चालणार नाही, ते वाहत जातात. दरवेळी फिक्स घेतला तर बॅटरी जाते आणि नाही घेतला तर कधीतरी टायमिंग हुकतं. सध्याचा विचार असा की प्रवाहाचा वेग धरून जागा किती जुनी झाली म्हणजे किती मायक्रोसेकंद चुकेल हे डिव्हाइसनेच काढावं आणि ती चूक ठरलेल्या मर्यादेपुढे गेली तरच जीएनएसएस चालू करावं. त्याची टेस्ट सुरू आहे.